पगार निम्म्यावर आलाय, अशा वेळी ख्रिस्ती माणसाने दशमांश द्यावा का?

दशमांश, म्हणजे मिळकतीतला देवासाठी काढायचा दहावा हिस्सा, काही महिने थांबला म्हणून देव रुसत नाही. किती द्यायचं ते चर्चच्या पाळकसाहेबांशी बोलून ठरवा. पण तुम्ही पुढे लिहिलंय, “आधी आपलं घर, उरलं तर दुसऱ्याचं.” त्यावर मला बोलायचंय, कारण हेच वाक्य माझा थोरला भाऊ आजवर आईला ऐकवत आलाय.

आम्ही नगर जिल्ह्यातले. १९७२च्या दुष्काळात आईवडील खडी फोडायला जायचे. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी धड थापलीही जात नसे. शेजारी एक बाळंतीण होती, नवरा मुंबईला गेलेला, तिला कामावर जाता येईना. आई तव्यावरची पहिली भाकरी तिला पाठवायची. बायबलमधल्या सारफथच्या विधवेकडे मूठभर पीठ उरलेलं असताना एलीया संदेष्ट्याने आधी आपल्यासाठी भाकर मागितली, हे तिने देवळात, म्हणजे चर्चमध्ये, ऐकलेलं. भाकरी पोचवायला मी जायचे. दादा म्हणतो, आईने आमच्या तोंडचा घास दुसऱ्याला दिला. साफ खोटं! कमी पडायची ती आईच्या ताटात. आम्हाला वाढून झालं की कालवणाच्या पाण्यात उरलेला चुरा कालवून ती खायची. दादा तोवर जेवून बाहेर पळालेला असायचा.

उरण्याची वाट पाहिली असती तर पंडिता रमाबाई घरीच बसल्या असत्या. त्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळात अन्नावाचून गेले. तरी १८९६-९७ला त्या मध्य प्रांतातल्या दुष्काळात गेल्या, मुली घेऊन आल्या, त्यांच्यासाठी केडगावला ‘मुक्ती’ ही संस्था उभी केली. बायबलमधल्या मासेदोनियाच्या ख्रिस्ती मंडळ्याही कंगालच होत्या, आणि यरुशलेमेतल्या गरीब बांधवांसाठी आमचं घ्याच म्हणून त्यांनीच प्रेषित पौलाला विनवलं (२ करिंथ ८).

आता एक सांगते, कर्ज काढून देऊ नका. म्हाताऱ्यांची औषधं तोडूनही नको. आईबापांना द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलं, म्हणून बाजूला काढणाऱ्यांना येशूने मार्क ७ मध्ये खडसावलंय. आणि दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या विधवेचं उदाहरण देऊन कोणी दशमांशासाठी दबाव टाकत असेल, तर त्याला मार्क १२चं ४०वं वचन वाचायला लावा. विधवांची घरं गिळणाऱ्या यहुदी शास्त्र्यांबद्दल ते आहे, आणि विधवेची गोष्ट लगेच त्याच्यामागून येते.

पैसे नसतील तर आसपास कोण अडलंय ते बघा, डबा द्या. तो पोचवायला मुलांना पाठवा, सगळ्यांना आळीपाळीने. आईने दादाला कधीच पाठवलं नाही.