‘विश्वासाने’ की ‘विश्वासूपणे’, ‘पूर्ण केली’ की ‘बजावली’?

प्रश्न असा आला आहे. ख्रिस्ती मंडळीतून निवृत्त होणाऱ्या एका पाळकांच्या (धर्मगुरूंच्या) मानपत्रात वाक्य आहे: ‘देवाने सोपवलेली सेवा त्यांनी विश्वासाने पूर्ण केली.’ मसुदा वाचणाऱ्या एकाचं म्हणणं, देवाची सेवा माणूस मरेपर्यंत करतो, ती ‘पूर्ण’ कशी होईल? ‘बजावली’ लिहा. दुसऱ्याला ‘विश्वासाने’ खटकतं. दोघांत बरोबर कोण?

दुसऱ्याचं बरोबर आहे. ‘विश्वासाने’ म्हणजे भरवसा ठेवून आणि ‘विश्वासूपणे’ म्हणजे भरवशाला उतरून. पहिल्यात पाळक देवावर विश्वास ठेवतात, दुसऱ्यात देवाने पाळकांवर ठेवलेला असतो. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील, पण मानपत्रात सांगायची आहे ती दुसरी.

हा घोटाळा होण्याचं कारण शब्दातच आहे. दयाळू माणूस दया करतो, श्रद्धाळू श्रद्धा ठेवतो. विश्वासू मात्र विश्वास ठेवत नाही, त्याच्यावर तो ठेवला जातो. (प्रत्यय हुबेहूब तोच नाही, पण कानाला तसाच लागतो.) पत्राच्या शेवटी ‘आपला विश्वासू’ लिहिणारा ‘माझा तुमच्यावर विश्वास आहे’ असं म्हणत नसतो, ‘तुम्ही माझ्यावर ठेवायला हरकत नाही’ असं म्हणत असतो. पवित्र शास्त्रातल्या (बायबलमधल्या) नव्या कराराच्या ग्रीकमध्ये ‘पिस्तोस’ हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो. प्रेषितांची कृत्ये 16:1 मध्ये प्रेषित पौलाचा सहकारी तीमथ्य याच्या आईला तो लावलाय, तिथे अर्थ ख्रिस्तावर विश्वास ठेवणारी. मत्तय 25 मधल्या दासांना लावलाय, तिथे अर्थ भरवशाचे. मराठीला प्रत्येक ठिकाणी निवड करावी लागते. गलतीकरांस पत्र 5:22 मध्ये आत्म्याच्या फळात त्याच कुळातला ‘पिस्तिस’ आहे, एरवी ज्याचं भाषांतर सरळ ‘विश्वास’ होतं. तिथे मराठी पवित्र शास्त्रात ‘विश्वासूपणा’ येतो. प्रीती, सहनशीलता, सौम्यता अशा स्वभावगुणांच्या रांगेत तोच शोभतो.

‘प्रामाणिकपणे’ का नको, असंही कुणी विचारील. शब्द चांगला आहे, पण इथे तोकडा पडतो. मत्तय 25 मधला तिसरा दास पाहा. येशूच्या या दाखल्यात एक धनी परदेशी जाताना आपला पैसा तीन दासांच्या हाती देतो. धन्याने त्याच्याकडे एक तालांत ठेवला. तालांत म्हणजे सहा हजार दिनार, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे ही रक्कम वीसेक वर्षांच्या कमाईएवढी झाली. त्याने ती जमिनीत पुरली आणि धनी परतल्यावर जशीच्या तशी हातात ठेवली. एक पै खाल्ली नाही. मराठीत अशा माणसाला आपण बिनदिक्कत प्रामाणिक म्हणू. धनी त्याला दुष्ट आणि आळशी म्हणतो. काम होतं पैसा कामाला लावण्याचं, याने केली नुसती राखण. पाच तालांत आणि दोन तालांत मिळालेल्यांची कमाई वेगवेगळी आहे, तरी दोघांना मिळणारी शाबासकी शब्दशः एकच आहे, हेही लक्षात घ्यावं. विश्वासूपणाचा हिशेब किती मिळालं यावर नाही, मिळालेल्याचं काय केलं यावर होतो. पौलही करिंथकरांस पहिल्या पत्रात (4:2) तेच सांगतो: ‘कारभारी म्हटला की तो विश्वासू असला पाहिजे’. कारभाऱ्याच्या हातात सगळं असतं आणि त्यातलं त्याचं काहीच नसतं.

आता ‘पूर्ण’. पहिल्या आक्षेपात तर्क आहे, पण ‘पूर्ण’चा त्यांनी धरलेला अर्थ अर्धाच आहे. पूर्ण म्हणजे आधी भरलेलं, मग संपलेलं. पूर्णकुंभ संपलेला नसतो. कलस्सैकरांस पत्राच्या शेवटी पौल अर्खिप्प नावाच्या सहकाऱ्याला निरोप धाडतो, की प्रभूमध्ये मिळालेली सेवा पूर्ण करण्याकडे लक्ष दे (4:17). तिथलं ग्रीक क्रियापद ‘प्लेरोओ’ मुळात भरण्याचंच आहे. ती सेवा कोणती हे पौल सांगत नाही, आणि मला वाटतं ते बरंच झालं. नाहीतर आपण ‘ते त्याचं काम होतं’ म्हणून मोकळे झालो असतो.

हाच प्रयोग प्रेषितांची कृत्ये 12:25 मध्ये आहे. बर्णबा आणि शौल (म्हणजे पौलच) सेवा पूर्ण करून यरुशलेमेहून परततात. ती सेवा कोणती? दुष्काळाच्या वेळी यहूदीयातल्या बंधुजनांसाठी अंत्युखियाच्या शिष्यांनी दिलेली मदत पोहोचवणं. प्रवचन नाही, पैशांची ने-आण. ‘सेवा’ हा शब्द आपण मंडळीत फार अरुंद करून ठेवलाय. ‘ते सेवेत आहेत’ म्हटलं की पाळक, सुवार्तिक एवढेच डोळ्यांपुढे येतात. कृत्ये 6 मध्ये पंगतीत वाढण्याला आणि वचन शिकवण्याला ग्रीकमध्ये एकच शब्दकुळ वापरलं आहे, ‘दियाकोनिया’चं. हिशेब ठेवणारा खजिनदार आणि खुर्च्या मांडणारा तरुणही याच शब्दात बसतात.

‘बजावली’ चुकीचं नाही. फारसी ‘बजा’ म्हणजे जागच्या जागी, योग्य. त्यावरून हुकूम, कर्तव्य, कामगिरी बजावणं. पण त्याच क्रियापदाने नोटीसही बजावली जाते. आज्ञा आली, अंमल झाला, एवढा कोरडेपणा त्यात उतरलाच आहे. ‘पार पाडली’ समारंभाला शोभतं, कारण पार म्हणजे पलीकडचा काठ, आणि कार्यक्रमाला तो असतो. ‘निभावली’मध्ये कसाबसा तग धरल्याचा सूर लागतो. ‘उरकली’ कुणी मानपत्रात लिहिणार नाही. प्रत्यक्षात मात्र पुष्कळदा तेच झालेलं असतं. कलस्सै 3:23 मध्ये जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून ‘जिवेभावे’ करा असं आहे. मूळ ग्रीकमध्ये शब्दशः ‘जिवातून’ आहे, त्यामुळे ‘जिवेभावे’ हा शब्द मला पवित्र शास्त्रातल्या सर्वांत नेमक्या मराठी शब्दांपैकी एक वाटतो. आणि हे वाक्य लिहिलंय ते प्रवचनकारांना नाही, दासांना.

तुमच्या वाक्यातल्या ‘सोपवलेली’बद्दल कुणी शंका काढली नाही, पण सगळ्या वाक्यात मला आवडतो तो हाच शब्द. त्याचं मूळ संस्कृत ‘समर्पय्’ मध्ये आहे, म्हणजे ‘समर्पण’ त्याचंच भावंड. मंडळीत समर्पण म्हणताना आपण माणसाने देवाला दिलेलं मोजतो. ‘सोपवणे’ उलट्या दिशेने चालतं: आधी देव स्वतःचं काम माणसाच्या हाती देतो.

तेव्हा वाक्य असं करा: ‘देवाने सोपवलेली सेवा त्यांनी विश्वासूपणे पूर्ण केली.’ पाळक निवृत्तीनंतरही आजाऱ्यांना भेटणार, प्रार्थना करणार असतील आणि म्हणून ‘पूर्ण केली’ अजूनही टोचत असेल, तर ‘आजवर विश्वासूपणे केली’ लिहा. ‘बजावली’ सत्कार पोलीस खात्यातल्या अधिकाऱ्याचा असेल तेव्हासाठी राखून ठेवा.