एपी फिजिक्स: वन घ्यायचं की डायरेक्ट सी?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो, मुलगा आत्ता दहावीत आहे, अल्जेब्रा टू चालूये. त्याला इंजिनिअरिंगच करायचंय म्हणून पुढच्या वर्षी डायरेक्ट एपी (हायस्कूलमध्येच घेता येणारा कॉलेज लेव्हलचा कोर्स) फिजिक्स सी घेतो म्हणतोय, मित्र पण घेतायत. घेऊ द्यावं का?

उत्तर: ताई, मला विचाराल तर पुढच्या वर्षी नको. सी म्हणजे कॅल्क्युलसवरचं फिजिक्स, त्यासाठी कॅल्क्युलस झालेलं तरी हवं नाहीतर सोबत चालू तरी हवं, आणि तुमचा मुलगा पुढच्या वर्षी प्रीकॅल्क्युलसला असणार, मग वेग म्हणजे पोझिशनचं डेरिव्हेटिव्ह हे वाक्यच त्याला पोकळ वाटेल, फॉर्म्युले पाठ करत बसेल बिचारा. त्यापेक्षा अकरावीत एपी फिजिक्स वन घेऊ दे. त्या कोर्सला जॉमेट्री झालेली आणि अल्जेब्रा टू निदान चालू असली की पुरतं. वन सोपं आहे असं मात्र समजू नका हं, गणित कमी असलं तरी "का" ते शब्दांत लिहावं लागतं आणि आपली हुशार मुलं तिथेच अडकतात.

मग बारावीत कॅल्क्युलससोबत सी मेकॅनिक्स, वेळ असेल तर ई अँड एम (इलेक्ट्रिसिटी अँड मॅग्नेटिझम) पण, हे दोन वेगळे कोर्स आहेत. एपी फिजिक्स टू म्हणून अजून एक कोर्स असतो, त्यात थर्मो (उष्णता), ऑप्टिक्स (प्रकाश) वगैरे येतं, इंजिनिअरिंगवाल्याने ते सोडलं तरी चालेल. शाळेची अट वेगळी असू शकते, काउन्सेलरला आधी विचारा. आणि मित्र घेतायत हे कारण नाही होऊ शकत, त्याला प्रेमाने सांगा.