वितळलेलं मीठ आणि विरघळलेलं मीठ, दोन शब्द कशाला?

प्रश्न असा आहे की नववीतल्या मुलीच्या वहीत "मीठ वितळलेल्या किंवा विरघळलेल्या स्थितीत असेल तर त्यातून वीज वाहते" असं वाक्य आहे, तर वितळणं आणि विरघळणं एकच ना, मग दोन शब्द कशाला, आणि घरात सगळेच 'बर्फ विरघळला' म्हणतात ते चूक का? शिवाय मिठाच्या पाण्याला 'सुवाहक' लिहिलं तर चालेल का?

एकच नाहीत. बोलताना आपण सरमिसळ करतो हे खरं, पण शब्दाला 'कशात?' असं विचारून बघा. साखर विरघळली, कशात? चहात. मेण वितळलं, कशात? इथे प्रश्नच बसत नाही, फार तर 'कशाने' विचाराल, तर उष्णतेने. म्हणजे विरघळायला दुसरा पदार्थ लागतो, वितळायला नुसती आच पुरते. उलटी क्रियाही वेगळी आहे बघा, वितळलेलं तूप गार झालं की थिजतं, विरघळलेली साखर काही थिजत नाही, पाणी आटवावं लागतं तेव्हा कुठे खडे धरतात. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं तेव्हाही मीठ वितळलेलं नसतं, हवेतला ओलावा ओढून घेऊन त्यात थोडं थोडं विरघळत असतं. 'बर्फ विरघळला' मात्र बोलण्यात इतकं रुळलंय की मी तरी कुणाला टोकणार नाही, विज्ञानाच्या पेपरात तेवढं 'वितळला' लिहा.

आता मिठाचं. मिठाच्या खड्यात सोडियमचे धन आयन आणि क्लोराइडचे ऋण आयन (आयन म्हणजे विद्युतभार असलेले कण) आधीपासूनच असतात, ते पाण्यात टाकल्यावर 'तयार' होतात असं बरेच जण लिहितात ते बरोबर नाही. फक्त खड्यात ते एकमेकांना घट्ट धरून जागच्या जागी बसलेले असतात, हलता येत नाही, म्हणून कोरड्या मिठातून वीज जात नाही. त्यांना मोकळं करायचे दोन रस्ते. एक म्हणजे मीठ 801 अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचं, आयन इतके हलायला लागतात की पकड सुटते आणि मिठाचा रस होतो, हे वितळणं. दुसरा म्हणजे पाणी. पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची किंचित धन असते, त्यामुळे रेणू ऑक्सिजनच्या बाजूने सोडियमला आणि हायड्रोजनच्या बाजूने क्लोराइडला घेरतात, आणि पाण्यात आयनांची एकमेकांवरची ओढ साधारण 80 पटीने कमी होते, मग जे काम चुलीवर होणं शक्य नाही ते पेल्यातल्या पाण्यात चमच्याने ढवळून होतं. शाळेच्या पुस्तकात याला 'विचरण' म्हणतात आणि मला हा शब्द आवडतो, कारण आयन बनत नाहीत, सुटे होऊन फिरायला लागतात. बॅटरी जोडली की धन आयन ऋणाग्राकडे (बॅटरीच्या वजा बाजूला जोडलेलं टोक) निघतात, ऋण आयन धनाग्राकडे (अधिक बाजूचं टोक), आणि ही दोन्हीकडची ये-जा म्हणजेच पाण्यातून वाहणारी वीज. तारेत इलेक्ट्रॉन पळतात, पण पाण्यातून इलेक्ट्रॉन तसे पोहत जात नाहीत.

मग दोन्हीत वीज वाहते तर कुठलाही शब्द वापरला म्हणून काय बिघडलं? इथेच बिघडतं. वितळलेल्या मिठातून वीज सोडली की ऋणाग्रावर सोडियम धातू मिळतो, कारखान्यात तो असाच काढतात (त्यात कॅल्शियम क्लोराइड घालून 600 अंशाच्या आसपासच काम भागवतात). विरघळलेल्या मिठातून सोडली की ऋणाग्रावर सोडियम नाही, हायड्रोजन सुटतो, आणि मागे कॉस्टिक सोडा राहतो. क्लोरीन दोन्हीकडे. म्हणजे पेपरात 'वितळलेल्या'च्या जागी 'विरघळलेल्या' लिहिलं तर पुढचं अख्खं उत्तर बदलतं, मार्क गेले.

घरी बघायचं असेल तर 9 व्होल्टची बॅटरी, पेन्सिलीची दोन शिसं आणि वाटीभर मीठपाणी घ्या, घरातल्या लाइटच्या बोर्डाला चुकूनही जोडू नका. वजाच्या टोकाला बारीक बुडबुड्यांची रांग लगेच दिसते, अधिकच्या टोकाला थोड्या वेळाने ब्लीचिंग पावडरसारखा वास येतो, तो क्लोरीन, तेव्हा खिडकी उघडी ठेवा आणि फार वेळ चालवू नका. मग दुसऱ्या वाटीत आरओच्या पाण्यात साखर घालून तेच करून बघा. साखरसुद्धा विरघळतेच की, पण तिचे रेणू अख्खेच्या अख्खे सुटे होतात, आयन नाहीत, म्हणून नुसत्या पाण्यात जेवढं जातं तेवढंच जातं. तेव्हा 'विरघळलं म्हणून वीज गेली' हे वाक्यही अर्धवटच.

अर्थिंगच्या खड्ड्यात इलेक्ट्रिशियन मीठ आणि कोळसा भरतात आणि उन्हाळ्यात वरून बादलीभर पाणी ओतायला सांगतात, तेही यासाठीच, खड्डा कोरडा पडला की मीठ असून नसल्यासारखं.

राहिला 'सुवाहक'. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात आणि अतिशुद्ध पाण्याच्या तुलनेत ते जवळपास नऊ लाख पट चांगलं वाहक आहे, हे वाचून सुवाहक लिहावंसं वाटतं खरं. पण तांबं त्याच्याही साधारण एक कोटी पट पुढे आहे. म्हणून मी 'सुवाहक' धातूंसाठी ठेवतो आणि मिठाच्या पाण्याला नुसतं 'विद्युतवाहक द्रावण' म्हणतो. मीठ या पदार्थाला 'विद्युत अपघटनी' (वितळल्यावर किंवा विरघळल्यावर आयनांमुळे वीज वाहू देणारा पदार्थ) म्हणा, तोंडात बसत नाही पण पेपरात तोच चालतो.