मॅनेजर झाल्यापासून झोप उडाली आहे. सगळ्यांचंच असं होतं, की मीच कमी पडतोय?

तुम्ही लिहिलंय की वाळूजच्या कंपनीत शिफ्ट सांभाळत होता तोवर बरं चाललं होतं. मॅनेजर झालात आणि सहा महिन्यांत झोप गेली, घरी लेकरांवर ओरडणं सुरू झालं. मी कारखान्यातला नाही, परभणी जिल्ह्यातल्या एका बँक शाखेचा मॅनेजर आहे. पण दुखणं तेच, म्हणून लिहितो.

तुम्ही कमी पडत नाही. नुसत्या कामानं माणूस इतका खचत नाही. जबाबदारी आपली आणि निर्णय दुसऱ्याचा, यानं खचतो. कामाच्या ताणाचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये हेच मांडलं होतं: कामाचा रेटा मोठा आणि हातात निर्णय कमी, तिथं ताण सगळ्यात वाईट. मधल्या फळीतला मॅनेजर नेमका तिथंच बसलेला असतो, अडकित्त्यातल्या सुपारीसारखा.

माझंच सांगतो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आमच्याकडचं सोयाबीन पाण्यात गेलं. पुढं अनुदान खात्यांवर जमा झालं, पण थकीत कर्जदारांच्या खात्यांना होल्ड लागलेला, म्हणजे पैसे दिसतात पण काढता येत नाहीत. सकाळी वरिष्ठांच्या व्हीसीत (व्हिडिओ कॉलवरच्या बैठकीत) एकच प्रश्न, वसुली किती? दुपारी जिल्हाधिकारी कार्यालयातून निरोप, अनुदान कर्जात वळतं करू नका. वरिष्ठांना फोन केला तर, "दोन दिवस थांबा, बघू." आणि काउंटरसमोर रांग. एक म्हातारा केबिनमध्ये आला. म्हणाला, "साहेब, पैसे आल्याचा मेसेज आलाय, मग देत काहून नाहीत?" त्याला द्यायला माझ्याकडं उत्तर नव्हतं, म्हणून मी त्याच्यावर ओरडलो. वरच्यांवर ओरडता येत नव्हतं ना.

तब्येतीवर झालेला परिणाम नंतर कळला: बीपी १६० वर, गोळी सुरू. पण त्याच्या आधीच शाखेत काहीतरी बिघडलं होतं, ते मला दिसलं नाही. आत यायच्या आधी लोक शिपायाला विचारायचे, "साहेब आज कसे आहेत?" हे त्यानंच मला फार उशिरा सांगितलं. एकदा कॅशमध्ये साडेचार हजार कमी पडले. कॅशिअरनं दुपारीच ताडलं होतं, मला सांगितलं संध्याकाळी सातला, कारण दुपारी माझा पारा चढलेला. चिडक्या साहेबापर्यंत वाईट बातमी वेळेवर पोचत नाही. पोचते तेव्हा चिघळलेली असते, आणि मग साहेब आणखी चिडतो. तुमच्या लाइनवर मशीन कुरकुरायला लागल्याचं तुम्हाला हल्ली कधी कळतं, तेवढं बघा.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या केली. तो आजार न मानता कामाशी जोडलेली अवस्था मानली आहे. तिची लक्षणं तीन: थकवा, कामाबद्दल तुटलेपण, आणि आपल्याच्यानं काही होत नाही असं वाटणं. माझ्यात दुसरं आधी आलं. पीककर्जाचं नवं-जुनं, म्हणजे जुनं कर्ज फेडून नवं घ्यायला आलेला माणूस मला माणूस न दिसता थकीत खातेनंबर दिसायला लागला होता.

मी काय केलं? फोनवरचा आदेश मी आता नम्रपणे मेलवर मागतो. "सर, एवढं लेखी द्या, लगेच करतो." निम्मे आदेश तिथंच विरतात, उरलेल्यांची जबाबदारी ज्याची त्याच्याकडं राहते. सुरुवातीला वरून टोमणे आले, येऊ द्या. रात्री आठनंतर ग्रुप म्यूट. दुपारचा डबा केबिनमध्ये न खाता स्टाफसोबत खातो, शाखेतल्या खऱ्या बातम्या तिथंच कळतात. योगा-बिगा मला जमला नाही.

तुम्ही आधी बीपी आणि साखर तपासून घ्या. बारा-बारा तासांची ड्यूटी होत असेल तर तेही हलक्यात घेऊ नका: आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका, ३५-४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, ३५ टक्क्यांनी जास्त असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलं आहे. झोप आठवड्यांमागून आठवडे येत नसेल, किंवा जगणंच नको वाटायला लागलं, तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

पद सोडावं का, हेही तुम्ही विचारलंय. ते मी कसं सांगणार? मी खुर्ची सोडली नाही, पण पुढच्या स्केलच्या प्रमोशनचा फॉर्म या वेळी भरला नाही. बायकोला अजून ते पटलेलं नाही.