वाचकांचे प्रश्न : नजर रस्त्यावर असूनही दुचाकी का दिसत नाही?

प्रश्न : मी मानपाड्याहून महापे येथे रोज कारने जातो. गाडी चालवताना मोबाइलला हात लावत नाही, नजर समोरच असते. तरीही विटावा किंवा रबाळे येथे एखादी दुचाकी अचानक पुढ्यात येते आणि ती आधी का दिसली नाही, हे कळत नाही. चष्म्याचा नंबर नुकताच तपासून घेतला आहे. काय चुकत असावे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपली नजर समोर असते, पण ती बहुधा पुढच्या गाडीच्या बंपरवर खिळलेली असते. डोळ्याला अगदी स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम दोन अंशांचा, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढा असतो. बाकीच्या भागात हालचाल जाणवते, पण तपशील कळत नाही. शिवाय नजर एका जागेवरून दुसरीकडे झेप घेते त्या क्षणी मेंदू दृश्य जवळजवळ टिपतच नाही. त्यामुळे चौकात मान झरकन फिरवून ‘पाहिले’ असे मानणे धोक्याचे आहे. दोन-तीन ठिकाणी नजर क्षणभर थांबली पाहिजे.

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. म्हणून ठाणे-बेलापूर रस्त्यासारख्या मोकळ्या मार्गावर दहा-बारा सेकंदांनी जिथे पोहोचायचे आहे तिथवर पाहावे, मग जवळ, मग आरशांत, आणि पुन्हा दूर. थांब्यावर उभ्या असलेल्या बसच्या खालून पलीकडची पावले दिसतात. कडेच्या रिक्षाचे पुढचे चाक रस्त्याकडे वळलेले असेल, तर ती निघण्याच्या बेतात आहे असेच धरून चालावे. अशा बारीक खुणा हेरण्याची सवय लागली की ‘अचानक’ घडणाऱ्या बऱ्याच गोष्टींची चाहूल आधीच लागते.

आपल्या बाबतीत मला अधिक संशय आहे तो समोरच्या काचेच्या उजव्या कडेला छताला आधार देणाऱ्या खांबाचा. चालकाच्या अगदी जवळ असल्यामुळे हा खांब अख्खी दुचाकी झाकू शकतो; आणि ती व आपण एकाच बिंदूकडे स्थिर वेगाने येत असू, तर ती शेवटपर्यंत त्याच आडोशात राहते. उजवीकडे वळताना व चौकात शिरताना पाठ सीटवरून थोडी सुटेल इतके पुढे-मागे झुकून खांबाच्या दोन्ही बाजूंनी पाहावे. हे जरा विचित्र वाटेल, पण माझ्या मते सर्वांत उपयोगी सवय हीच.

पावसाळ्यात काच आतूनही पुसावी, आणि रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपल्यास वेग कमी करून रस्त्याच्या डाव्या कडेचा आधार घ्यावा.

एवढे करूनही वाहने एकाच बाजूने ‘अचानक’ येत राहिली, तर नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टिक्षेत्राची, म्हणजे नजर समोर स्थिर असताना कडेपर्यंत किती दिसते याची, तपासणी अवश्य करून घ्यावी. चष्म्याच्या नंबरावरून ते कळत नाही. काचबिंदूत कडेची नजर हळूहळू कमी होते, वेदना बहुधा होत नाहीत आणि समोरचे वाचता येत असल्याने रुग्णाला बराच काळ शंकाही येत नाही. आपले वय चाळिशीच्या पुढे असेल किंवा घरात कोणाला काचबिंदू असेल, तर ही तपासणी लांबणीवर टाकू नये.