तडीपारीची नोटीस

सातारा

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ ची नोटीस मिळाल्याचं कळलं. दहशत माजवणाऱ्यांसाठीचं हे कलम; तू मागितली होतीस माण तालुक्यातल्या पाण्याच्या टँकरची लॉगबुकं! फोनवर हसत होतास. मीही हसलो होतो तेव्हा.

साहेबांना भेटून तोंडी समजवायला जाऊ नकोस. कलम ५९ प्रमाणे आरोपांचं स्वरूप लेखी द्यावं लागतं आणि तुझं ऐकून घ्यावं लागतं. म्हणणं लेखी दे, पोच घे. आदेश निघालाच तर ३० दिवसांत शासनाकडे अपील. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं.

मी ती पुण्यात काढली. रोजगार हमीच्या हजेरीपटावर माझ्या वारलेल्या चुलत्याचा अंगठा सापडला होता, तिथून सगळं सुरू झालं. सातारा जिल्ह्याची हद्द नीरा नदीवर. महिन्यातून एकदा ही शिरवळला एसटीतून उतरायची, पूल चालत ओलांडून सारोळ्याला यायची. फडक्यात भाकरी, पिशवीत माहिती अधिकाराची उत्तरं. मी आधी पाकिटं फोडायचो. एकदा तशीच उभी राहून म्हणाली, "पोरगं चालायला लागलंय. विचारलंत का?"

त्याच पोराला ताप आला तेव्हा अर्ध्या पुलापर्यंत गेलो होतो. परतलो. हद्दीत सापडलास की नवा गुन्हा, समोरचे त्याचीच वाट बघत असतात. तात्पुरत्या परवानगीचा अर्ज करता येतो. नाकारला तर तो नकारही फाइलला लाव.

माहिती अधिकाराचा अर्ज मात्र कुठूनही टाकता येतो. १० रुपयांचं कोर्ट फी स्टँप, स्पीड पोस्ट. पण ग्रामसभेत उभं राहायला गावातलंच माणूस लागतं. टँकरवर हंडे लावणाऱ्या बायकांना आत्ताच लॉगबुक वाचायला शिकव.

साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला धाडलं. त्यांचं गाऱ्हाणं घेऊन त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनमध्ये चौदा वर्षं अर्ज करत राहिले. महाराज १८४७ ला काशीतच वारले, पुढच्या वर्षी राज्य खालसा झालं, तरी हे तिथंच. भाषणांत हे मी फार रंगवून सांगायचो. हल्ली त्यांच्या घरच्यांनी ती वर्षं कशी काढली असतील, तेच मनात येतं.

सोमवारी ये. नोटिशीची झेरॉक्स आण, मूळ प्रत घरीच ठेव. आईलाही घेऊन ये. अजून सांगितलं नसशील तिला.

तुझा,
काका