टीममध्ये २३ ते ५८ वयाची माणसं आहेत, त्यांचं एकमेकांशी जमवायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की ३२व्या वर्षी नऊ जणांची टीम तुमच्या हाती आली. तिघं पन्नाशी ओलांडलेले, चौघं पंचविशीच्या आसपासचे. मोठे म्हणतात, या मुलांना कामाची आच नाही. मुलं म्हणतात, हे लोक ऐकूनच घेत नाहीत. आणि तुमची गत अडकित्त्यात सापडल्यासारखी झाली आहे. शेवटी विचारलंय, एचआर ‘पिढ्या समजून घेऊया’ अशी कार्यशाळा घेणार म्हणतंय, ती घेऊ द्यावी का?

मी यंत्रांच्या देखभालीत, म्हणजे मेन्टेनन्समध्ये, २२ वर्षं आहे आणि त्यातली नऊ वर्षं टीम सांभाळतोय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: शक्य असेल तर ती कार्यशाळा टाळा. अशा कार्यशाळेत बहुधा जन्मसालावरून माणसांचे चार कप्पे पाडतात. १९४६ ते १९६४ बूमर, १९६५ ते १९८० जेन एक्स, १९८१ ते १९९६ मिलेनियल, त्यानंतरचे जेन झी. मग प्रत्येक कप्प्याचा स्वभाव सांगतात. बूमर हे नाव मुळात अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मदर वाढला त्यावरून पडलं. २०२० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने नेमका हाच प्रश्न तपासला, की कर्मचारी सांभाळताना या पिढ्यांच्या वर्गवारीचा उपयोग होतो का. तिला त्यासाठी भक्कम आधार सापडला नाही. या सीमारेषा रूढ करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्या प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संशोधन संस्थेनेही २०२३ मध्ये जाहीर केलं, की यापुढे ही नावं आपण जपूनच वापरू.

कारण साधं आहे. २४ वर्षांचा मुलगा आणि ५५ वर्षांचा माणूस वेगळे वागतात तेव्हा त्यात तीन गोष्टींची सरमिसळ असते. एक, आज त्यांचं वय काय आहे. दोन, सध्याचे दिवस कसे आहेत, ज्याचा फटका दोघांनाही बसतो. आणि तीन, ते कोणत्या काळात घडले. आपण पहिल्या दोन गोष्टीही तिसऱ्याच्या खात्यावर टाकतो. माझ्या टीममधला एक तिशीतला माणूस संध्याकाळी एक मिनिट जास्त थांबत नसे. ‘हल्लीची पिढी’ असा शेरा त्याच्यावर केव्हाच बसला होता. त्याच्या घरी सहा महिन्यांचं बाळ होतं, एवढंच कारण होतं. शेरा मारणाऱ्यांची मुलं मोठी झाली होती, म्हणून ते थांबू शकत होते.

म्हणून मी टीममध्ये ‘पिढी’ हा शब्द वापरणंच सोडलं. त्याऐवजी विचारायला लागलो: नेमकं काय घडलं, कोण काय बोललं, कुणाला काय वाटलं? भांडणाच्या मुळाशी बऱ्याचदा एखादी अगदी बारीक गोष्ट निघते. आमच्याकडे ती एकदा पूर्णविरामावर आली होती. एका नवीन मुलीने ग्रुपवर सुट्टीचा अर्ज टाकला. आमच्या ज्येष्ठ सुपरवायझरांनी उत्तर दिलं, ‘ठीक आहे.’ एवढंच, पूर्णविरामासकट. ती दोन दिवस धास्तावलेली, साहेब चिडलेत म्हणून. त्यांना मी विचारलं तर ते अवाक झाले. वाक्य संपलं की पूर्णविराम द्यायचा, असं ते आयुष्यभर लिहीत आले होते. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी हेच तपासलं होतं. मोबाइलवरच्या एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला तर तो निरोप विद्यार्थ्यांना कमी मनापासूनचा वाटला. कागदावरच्या हस्तलिखित चिठ्ठीत मात्र असा फरक दिसला नाही. ज्यांचं सगळं लिहिणं कागदावर झालं आणि ज्यांचं सगळं स्क्रीनवर, ते एकाच टिंबाचे दोन अर्थ लावतात. यात कुणाचंच काही चुकलेलं नसतं.

यावर मी पूर्णविरामाचा नियम केला नाही. सगळ्यांना बसवून एवढंच ठरवलं, की कोणता निरोप कुठे द्यायचा. मशीन बंद पडलं असेल तर फोन, तोही लगेच. संध्याकाळपर्यंत वाचलं तरी चालेल असं असेल तर ग्रुपवर. पुढे कुणाला शोधावं लागेल असं काही असेल तर लॉगबुकमध्येच. मुलांना न सांगता आलेला फोन म्हणजे संकट वाटायचं आणि मोठ्यांना ग्रुपवर टाकलेला महत्त्वाचा निरोप म्हणजे बेफिकिरी. दोघांनी मिळून ठरवल्यावर ती कुरबूर जवळजवळ थांबली.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण तुम्हीही त्याच वाटेने जाल अशी मला भीती आहे. आमच्याकडे देखभालीच्या नोंदी कागदावरून टॅबवर गेल्या तेव्हा मी ठरवलं, की मुलांनी मोठ्यांना शिकवायचं. कल्पना नवी नव्हती. १९९९ मध्ये जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीचा प्रमुख जॅक वेल्च याने आपल्या ५०० वरिष्ठ अधिकाऱ्यांना इंटरनेट शिकण्यासाठी तरुण कर्मचाऱ्यांकडे पाठवलं होतं, आणि तेव्हापासून अशा उलट्या शिकवणीची चाल पडली. मी ती खोलीभर लोकांसमोर घेतली. पुढे एक २६ वर्षांचा मुलगा, समोर खुर्च्यांवर आमचे फिटर. त्यातल्या सर्वांत अनुभवी माणसाने एक बटण कुठे आहे ते दुसऱ्यांदा विचारलं. मागे कुणीतरी हसलं. त्यांनी वही मिटली, चष्मा खिशात ठेवला आणि पुढचा तासभर सरळ समोर बघत बसले. त्यानंतर कित्येक महिने ते नोंदी कागदावर लिहायचे आणि दुसरा कुणीतरी त्या टॅबवर भरायचा. तीस वर्षं ज्या माणसाकडे सगळे विचारायला येत होते, त्याला मी चारचौघांत न येणाऱ्यांच्या रांगेत बसवलं होतं. मी नंतर त्यांच्याकडे जाऊन माफी मागितली. त्यांनी ‘जाऊ द्या’ म्हटलं, पण मनातून ते गेलं नव्हतं, आणि जायलाही नको होतं.

गाडी रुळावर आली ती एका पंपामुळे. थंड पाण्याच्या लाइनवरचा एक पंप आवाज करायला लागला. आमची तरुण इंजिनीअर कंपनं मोजणारा व्हायब्रेशन मीटर घेऊन गेली, आणि योगायोगाने त्याच वेळी ते फिटरही तिथे पोचले. त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगाला टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. डोळे मिटून अर्धा मिनिट ऐकलं. म्हणाले, ‘बेअरिंग नाही. पोटात खडी घुसळल्यासारखं वाजतंय.’ तिच्या स्क्रीनवरच्या आलेखातही बेअरिंग खराब झाल्यावर उठतात ती टोकं नव्हती. वरच्या फ्रीक्वेन्सीला नुसता पसरट गोंधळ होता, आणि त्याचा अर्थ तिला लागत नव्हता. खडीचा आवाज म्हटल्यावर तिला कॅव्हिटेशन आठवलं. सक्शनला, म्हणजे पंप पाणी ओढतो त्या बाजूला, दाब फार कमी झाला की साध्या तापमानालाही पाण्यात वाफेचे बुडबुडे धरतात, पुढे दाब वाढला की ते इम्पेलरजवळ, म्हणजे पंपाच्या फिरत्या चाकाजवळ, फुटतात आणि हळूहळू धातू खातात. तिने टॅबवर मागच्या तीन आठवड्यांचा सक्शनचा दाब काढला. एका ठरावीक दिवसापासून तो उतरत आला होता. तो दिवस ऐकताच फिटर म्हणाले, ‘त्याच्या आदल्या दिवशी वरची टाकी साफ केली होती.’ पंपाआधीचा पाणी गाळणारा स्ट्रेनर उघडला तर जाळी गाळाने निम्मी भरलेली.

त्या दिवशी दोघांकडे अर्धं अर्धं उत्तर होतं. आवाज ओळखणं आणि टाकीची आठवण त्यांच्याकडे, तीन आठवड्यांचा आलेख आणि कारणाचं शास्त्र तिच्याकडे. पुढच्या आठवड्यात त्यांनी तिला विचारलं, तो दाबाचा आलेख कुठे बघायचा? खोलीत जे शिकायला त्यांनी नकार दिला होता तेच पंपाशेजारी उभं राहून दहा मिनिटांत शिकले, कारण आता तो आलेख त्यांच्या कामाचा होता आणि बघायला दुसरं कुणी नव्हतं. मग तिनेही विचारलं, स्क्रूड्रायव्हर नेमका कुठे टेकवायचा?

तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं खरं उत्तर हेच आहे. दोन वयोगटांत पूल बांधायला जाऊ नका. एक खरं काम निवडा, जे एकट्याने नीट होणार नाही, आणि त्यावर एक मोठा, एक लहान अशी जोडी लावा. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये परक्या गटांबद्दलची अढी कशाने कमी होते याची मांडणी केली होती. नुसतं एकत्र बसवणं पुरत नाही. त्या कामापुरती दोघांची पायरी समान हवी, उद्दिष्ट एक हवं, एकमेकांवाचून ते गाठता येऊ नये आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा हवा. माझ्या शिकवणीच्या खोलीत यातलं पहिलंच नव्हतं. पंपापाशी पहिल्या तिन्ही गोष्टी आपोआप जुळल्या. चौथी मी नंतर केली: ब्रेकडाउनच्या नोंदीवर दोघांच्या सह्या, आणि नोंदीत तीन रकाने. काय दिसलं-ऐकू आलं, काय मोजलं, आणि हाच निर्णय का घेतला.

तिसरा रकाना सर्वांत जड जातो, आणि सर्वांत जास्त भांडणंही तिथेच लपलेली असतात. मुलं ‘का?’ विचारतात आणि मोठ्यांना ते उलट उत्तर वाटतं. आमच्याकडे एका मोटारीच्या बेअरिंगला दर सोमवारी ग्रीस मारायची पद्धत होती. एका नव्या मुलाने तीनदा विचारलं, कशासाठी? तिसऱ्यांदा त्याला बोलणी बसली. मी उघडून बघायला लावलं. काही वर्षांपूर्वी कुणीतरी तिथे सीलबंद बेअरिंग बसवलं होतं, ज्याला बाहेरून ग्रीस लागतच नाही. कारण केव्हाच संपलं होतं, सोमवार मात्र चालू होता. दुसऱ्या एका वेळी त्याच मुलाने विचारलं, पंप सुरू करताना डिलिव्हरीचा, म्हणजे पाणी बाहेर पडतं त्या बाजूचा, व्हॉल्व्ह बंद का ठेवायचा? तिथे मात्र कारण भक्कम होतं. सेंट्रिफ्यूगल पंपात तसं केल्याने सुरुवातीला मोटारीवर भार कमी येतो. ते समजल्यापासून तो स्वतः इतरांना टोकतो. तेव्हापासून आमचा करार आहे: ‘का’ विचारल्याबद्दल कुणाला ओरडायचं नाही, आणि कारण माहीत नसेल तर ‘मला असंच शिकवलं गेलं’ असं सरळ सांगायचं.

मोठ्यांकडचं ज्ञान काढून घेण्याची घाई करू नका. ‘निवृत्तीच्या आत सगळं लिहून द्या’ म्हटलं की माणसाला ऐकू येतं, ‘तुमच्याविना चालवायची तयारी चाललीय.’ शिवाय ते लिहून येतही नाही. २०१३ च्या सुमारास नासाच्या तरुण इंजिनीअरांनी चंद्रमोहिमांच्या सॅटर्न ५ रॉकेटचं एफ-१ इंजिन उघडून अभ्यासलं. नकाशे, कागदपत्रं होती. पण इंजिनं घडवणाऱ्यांनी प्रत्यक्ष काम करताना केलेले हातचे बारीक बदल कागदावर उतरलेच नव्हते, त्यामुळे शेवटी इंजिनच सुटं करून मोजावं लागलं. मी मोठ्यांना आता एवढंच विचारतो: तुमचा अंदाज सपशेल चुकला असं एखादं काम सांगा. त्यावर माणूस मोकळा होतो, आणि ऐकणाऱ्या मुलाला कळतं की यांचंही चुकत होतं.

मुलांनाही स्पष्ट सांगायच्या गोष्टी आहेत, त्यात संकोच नको. शिफ्ट संपली की निघा, त्यात काही गैर नाही. हँडओव्हर न देता, म्हणजे पुढच्या शिफ्टला काम समजावून न देता, निघणं मात्र मी खपवून घेत नाही. अपेक्षा न सांगता ‘एवढं कळायला हवं’ असं मनात धरून रागावणं हा मोठ्यांचा अन्याय आहे. पण सांगूनही पाळलं नाही तर तिथे वयाची सबब चालणार नाही.

तुमच्या स्वतःबद्दल एकच. वीस वर्षांनी मोठ्या माणसाला बैठकीत सर्वांसमोर पहिल्यांदा निर्णय ऐकवू नका. आदल्या दिवशी त्यांच्या जागेवर जा आणि विचारा, ‘मी असं करायचं म्हणतोय, यात कुठे फसेन?’ निर्णय तुमचाच राहील, पण त्यांना तो लादलेला वाटणार नाही.

आणि एचआरकडे कार्यशाळेसाठी पैसे असतीलच, तर ते दुसरीकडे वळवा. २००७ मध्ये बीएमडब्ल्यूने जर्मनीतल्या डिंगोल्फिंगच्या कारखान्यात एका उत्पादन लाइनवर मुद्दाम वयस्क माणसं नेमली, सरासरी ४७ वर्षांची, म्हणजे पुढे सगळा कारखाना ज्या वयाचा होणार होता तितकी. मग त्यांनाच विचारलं, काय खुपतं? साधारण ७० लहान लहान बदल झाले: लाकडी फरशी, बसायला खुर्च्या, भिंगं, स्क्रीनवर मोठी अक्षरं. वर्षभरात त्या लाइनची उत्पादकता ७ टक्क्यांनी वाढली. आम्ही टॅबवरची अक्षरं मोठी केली आणि पंपघरात एक जास्तीचा दिवा लावला. दोन्ही गोष्टी ज्येष्ठ फिटरांनी मागितल्या होत्या, आणि रात्रपाळीच्या मुलांनी सर्वांत आधी आभार मानले. तुमच्या नऊ जणांना या सोमवारी तेवढं विचारून बघा: काम करताना कुठे खुपतं? सुरुवात सर्वांत ज्येष्ठ आणि सर्वांत नवा, या दोघांना एकत्र विचारून करा.